डब्लिन उभे, वराडकर आडवे

'शिर्डी' लिहिले तर शब्दकोड्यात दोन घरे लागतात, 'शिरडी' लिहिले तर तीन. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर 'साईनगर शिर्डी' आहे, साईसच्चरिताच्या ओव्यांत 'शिरडी'ही भेटते. शब्दकोडे रचणारा या दोन रूपांकडे गवंड्याच्या नजरेने पाहतो: कुठली वीट कुठे बसेल? 'शि' कुठेही बसतो. शिखर, शिळा, शिपाई, हवे तेवढे शब्द त्यावरून काढता येतात. पण 'र्डी'वर संपणारा दुसरा शब्द शोधायला बसले की पालघरकडची बोर्डी आठवते, सोलापूरकडची मार्डी आठवते आणि मग माणूस छताकडे पाहू लागतो. 'शिरडी'चे तसे नाही. 'र' आणि 'डी' ही दोन्ही घरे मोकळ्या मनाची आहेत.

मराठी कोड्याचा हिशेब अक्षरांचा असतो आणि अक्षर म्हणजे व्यंजन, त्याला लागलेला स्वर, वर अनुस्वार असला तर तोही, सगळे एका घरात. 'क', 'का' आणि 'कि' ही तीन वेगळी घरे. आडवा शब्द 'दि' मागत असेल तर उभ्या शब्दाने 'दी' देऊन चालत नाही, निदान नियमाने तरी नाही. त्यात मराठी लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून 'उदी', 'चावडी', 'कफनी', 'सबुरी' हे शिर्डीचे शब्द शेवटच्या घरात दीर्घ मात्रा घेऊनच येतात आणि त्यांना छेदणाऱ्या शब्दालाही तीच मात्रा आणावी लागते.

घरांची संख्या बदलली की जुनी कोडी बाद होतात. 'शिर्डी ज्या जिल्ह्यात आहे तो' या सूचनेला वर्षानुवर्षे सात घरे ठेवावी लागत: अ-ह-म-द-न-ग-र. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले आणि आता सहाच पुरतात: अ-हि-ल्या-न-ग-र. शेवटची तीन घरे जशीच्या तशी राहिली, हीच काय ती सवलत.

आता आयर्लंड. इंग्रजी शब्दकोड्यात हा देश त्याच्या आकाराच्या मानाने फार जागा खातो. इंग्रजी कोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले आणि दहा-बारा वर्षांत अमेरिकेला त्याचे वेड लागले. या जाळ्यांना छोटे, स्वरांनी भरलेले शब्द लागतात, कारण दोन अवजड शब्दांच्या मधली फट त्यांनीच बुजते. आयर्लंड तिथे आयता सापडतो. 'एरिन' हे काव्यातले नाव रोमन लिपीत चार अक्षरांचे आणि त्यातली दोन स्वर. 'एरे' हे १९३७ च्या आयरिश राज्यघटनेतले नाव, चारपैकी तीन स्वर. गायिका एन्या चार अक्षरांत बसते आणि तिच्या नावाचा आरंभ-अंत स्वरांचा. त्यामुळे तिची गाणी कधी न ऐकलेल्या, पण रोज कोडे सोडवणाऱ्या अमेरिकन आजोबांनाही ती ठाऊक असते. 'पाचूचे बेट' अशी सूचना आली की त्यांचा हात आपोआप 'एरिन' लिहून मोकळा होतो. कुठल्या देशाचे काय प्रसिद्ध व्हावे हे असे जाळ्याची गरज ठरवते. तिथे आयर्लंडचा इतिहास मागच्या बाकावर असतो.

तोच देश मराठी जाळ्यात आणला की सगळी गणिते उलटतात. 'एरिन'चा इथे काही उपयोग नाही, कारण मराठी वाचकाच्या तोंडी ते नाव नाही. आणि जे नाव तोंडी आहे, 'आयर्लंड', ते तर अगदीच आडमुठे. आ, य, र्लं, ड. तिसरे घर पाहा: रफार, ल आणि अनुस्वार. असा ऐवज पोटात असलेला दुसरा रोजच्या वापरातला मराठी शब्द दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावे. म्हणजे आयर्लंड आडवे टाकले की तिसऱ्या घराच्या वर-खाली काळी घरे ठेवणे आले. 'आयरलंड' असे सैल लिहून घेतले तर 'लं' सुटा होतो, विलंब आणि लंगर मदतीला येतात, पण मग शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या वाचकाचे पत्रही येते.

शहरांची तऱ्हा वेगवेगळी. बेलफास्टच्या शेवटी 'स्ट' आहे, तो पोस्टाने सुटतो. डब्लिनमधला 'ब्लि' पाहून घाबरायला होते, तोच 'पब्लिक' मदतीला येते. अल्स्टर प्रांताचा 'ल्स्ट' मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. दुधाचा धंदा करणाऱ्याला होल्स्टीन गाय आठवेल, पण तिच्या 'स्ट'ला इकार आहे, तेव्हा तीही बाद. सर्वांत गुणी शहर कॉर्क. 'कॉ'वरून कॉलर, कॉपी, कॉफी. 'र्क'वर संपणारे तर्क, अर्क, संपर्क. त्यात बुचालाही तेच नाव, म्हणून सूचनाही फुकटात मिळते: 'बाटलीच्या तोंडात बसलेले आयरिश शहर (२)'. लिमरिकही तसेच. शहर आहे, पाच ओळींच्या विनोदी पद्याचा प्रकार आहे, आणि लि-म-रि-क ही चारही घरे लिपी, मका, रिकामा, कपाट अशा कुठल्याही घरगुती शब्दाला वाट देतात. सूचना: 'पाच ओळींत हसवणारे शहर (४)'.

साहित्यिकांचे काय? येट्स यांना १९२३ चे आणि बर्नार्ड शॉ यांना १९२५ चे नोबेल मिळाले, पण मराठी जाळ्यात 'शॉ' एका घराचा. एका घराचा शब्द कोड्यात चालत नाही. आयर्लंडच्या पंतप्रधानाला तिकडे 'टीशॉक' म्हणतात, त्याच्या मधल्या घरात शॉ बसतो, पण ही झाली गंमत. मराठी कोडेकार शॉ यांना वेगळ्या दाराने आत घेतो: फुलराणी. पु. ल. देशपांडे यांनी शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिले, १९७५ मध्ये ते रंगभूमीवर आले आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा गाजली. फु-ल-रा-णी, चारही घरे सरळ. डब्लिनच्या नाटककारासाठी 'मंजुळेचे नाटक' ही सूचना पुरते.

पण आयर्लंडकडून मराठी कोड्याला मिळालेला सर्वांत मोठा नजराणा म्हणजे वराडकर. लिओ वराडकर यांचा जन्म १९७९ चा, डब्लिनचा. वडील डॉक्टर, मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. आई आयरिश, परिचारिका. जून २०१७ मध्ये लिओ आयर्लंडचे पंतप्रधान झाले, डिसेंबर २०१९ मध्ये पदावर असतानाच कुटुंबासह वराडला येऊन गेले, आणि डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ पुन्हा त्याच पदावर होते. त्यांच्या राजकारणाबद्दल आयर्लंडात दोन मते असतील. कोडेकाराचे मत एकच: व-रा-ड-क-र, पाच घरे, एकही जोडाक्षर नाही, एकही अनुस्वार नाही.

पाच बाय पाचची, पंचवीस घरांची चौकट आखावी आणि मधल्या, म्हणजे तिसऱ्या आडव्या ओळीत वराडकर लिहावेत. शेवटच्या उभ्या रकान्यात त्यांचा 'र' हाच शिरडीचा मधला 'र' होतो: वर 'शि', खाली 'डी'. आता चौथ्या रकान्यातला 'क' पाहून कुणालाही टिळक सुचतात: टि, ळ आणि खाली हा 'क'. पण तसे केले की दुसऱ्या ओळीत 'ळ' आणि 'शि' शेजारी-शेजारी येतात आणि 'ळशि' असा शब्द मराठीत नाही. टिळकांना उठवावे लागते. पहिल्या रकान्यात 'व' आहे. तिथे शिर्डीचेच माधवराव बसतात: मा, ध, व, रा, व. साईबाबांचे निकटचे भक्त माधवराव देशपांडे, ज्यांना बाबा शामा म्हणत, गावातल्या शाळेत शिक्षक होते. मधल्या रकान्यात 'ड' आहे. त्यावरून खाली उतरते डब्लिन: ड, ब्लि, न. आणि मग पाचव्या ओळीत आपोआप एक शब्द जुळून येतो. माधवरावांचा शेवटचा 'व' पहिल्या घरात, डब्लिनचा 'न' तिसऱ्या घरात, मधे एक घर रिकामे. 'च' लिहिले की वचन. शिर्डीत भिंतींवर, फोटोंखाली, दुकानांतल्या दैनंदिनींवर जी साईबाबांची अकरा वचने छापलेली असतात, त्यांतल्या एकाची सोय डब्लिनच्या नकाराने लागते.

चौदा घरे भरली, अकरा काळी राहिली. कडक इंग्रजी शिस्तीचा संपादक हे जाळे परत करील, कारण चौकट अर्ध्या फेऱ्यात उलटी फिरवली तरी काळी घरे त्याच जागी दिसली पाहिजेत असा तिकडचा दंडक आहे. मराठी दैनिकांत एवढी सक्ती सहसा कुणी करत नाही, आणि करूही नये. अक्षरलिपीत शब्द जुळवणे आधीच पुरेसे अवघड आहे.

चौकटीतून उठवलेले टिळक प्रत्यक्षात शिर्डीला आले होते, आणि तेही एका आयरिश शब्दाचा प्रचार ऐन भरात असताना. 'होमरूल' हा शब्द आयर्लंडच्या राजकारणातला. आयझॅक बट यांनी १८७० मध्ये डब्लिनला स्वशासनाची चळवळ उभी केली. ग्लॅडस्टन यांनी १८८६ आणि १८९३ मध्ये आणलेली विधेयके पडली. तिसरा प्रयत्न १९१४ मध्ये कायदा झाला, पण महायुद्धामुळे अमलाविना राहिला. २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. डब्लिनच्या रस्त्यांवर तोफा चालू होत्या आणि बेळगावात सनदशीर मार्गाची सभा भरली होती; तारखा जवळ, वाटा वेगळ्या. आयरिश रक्ताच्या ॲनी बेझंट यांनी आपली स्वतंत्र लीग त्याच वर्षी सप्टेंबरात काढली.

पुढच्या वर्षी, १९ मे १९१७ रोजी, टिळक शिर्डीत होते. सोबत अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे होते, आणि ही भेट आपल्याला कळते ती खापर्ड्यांच्या रोजनिशीमुळे. खापर्डे पहिल्यांदा डिसेंबर १९१० मध्ये शिर्डीला आले. १९११ च्या अखेरीस आले ते काही महिने राहिले. रोज काय घडले, कोण आले, बाबा काय बोलले, याची त्यांनी वकिली नेटकेपणाने नोंद ठेवली. तो काळ चमत्कारांच्या कथांतून सांगितला जातो. खापर्डे काकड आरती, जेवण आणि वर्तमानपत्र एकाच ओघात लिहितात. साईबाबांच्या हयातीतल्या शिर्डीचा इतका कोरडा आणि म्हणूनच इतका मोलाचा साक्षीदार दुसरा नाही. कोड्याच्या जाळ्यात मात्र खापर्डे आणि शिर्डी यांची गाठ पडत नाही. दोघांच्या शेवटी रफाराचा 'ड' आहे, एकाला मात्रा आणि दुसऱ्याला दीर्घ वेलांटी. 'होमरूल' याच्या उलट: हो-म-रू-ल, होडी, मका, रूढी, लगाम. आयर्लंडचे नाव जाळ्यात अडते, त्याने दिलेला शब्द अडत नाही.

आयरिश बायकांची नावेही पाहण्याजोगी. उत्तर आयर्लंडातल्या टायरोन परगण्यात १८६७ मध्ये जन्मलेल्या मार्गारेट नोबल १८९८ मध्ये भारतात आल्या, विवेकानंदांकडून दीक्षा घेतली, कोलकात्यात मुलींची शाळा काढली आणि निवेदिता झाल्या. 'नोबल'पेक्षा 'निवेदिता' जाळ्याला कितीतरी सोयीचे. दुसऱ्या मार्गारेट कझिन्स, रॉसकॉमन परगण्यातल्या. त्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात भरले. क-झि-न्स हे आडनाव परके वाटते, पण 'झि'ला झिम्मा छेदतो आणि 'न्स'ला चान्स. मंगळागौर आणि कॅरमबोर्ड, दोन्हीकडून मदत.

आणि मेयो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा परगणा. त्याच्या नावाची उमरावी असलेले डब्लिनचे रिचर्ड बर्क १८६९ मध्ये भारताचे व्हाइसरॉय झाले आणि ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात शेर अली आफ्रिदीच्या सुऱ्याने मारले गेले. नागपुरात त्यांच्या नावाचा दवाखाना होता. आता पाटीवर इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, पण रिक्षावाल्याला 'मेयो' म्हटले की पुरते.

सूचना लिहिणे ही जाळ्यापेक्षा वेगळी विद्या. सरळ सूचना माहिती मागते. फिरकी घेणारी सूचना वाचकाला आधी चुकीच्या गल्लीत पाठवते. आयर्लंडात या दुसऱ्या प्रकाराचे दैवत म्हणजे डेरेक क्रोझियर. मार्च १९४३ मध्ये 'आयरिश टाइम्स'मध्ये त्यांचे पहिले कोडे आले. आयरिश भाषेतल्या 'चौरस्ता' या अर्थाच्या शब्दाचे त्यांनी टोपणनाव घेतले. १९४८ मध्ये ते आफ्रिकेत, तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात, स्थायिक झाले आणि तिथून टपालाने कोडी पाठवत राहिले. देशाचे नाव झिंबाब्वे झाले, क्रोझियर यांचे पाकीट डब्लिनला पोचतच राहिले. एप्रिल २०१० मध्ये ते वारले तेव्हा पुढची कोडी तयार होती. ती ऑक्टोबर २०११ पर्यंत छापून येत होती. मेलेल्या माणसाची फिरकी ओळखण्यासाठी डब्लिनकर दीड वर्ष पेन्सिल चावत बसले.

मराठीला ही फिरकी परकी नाही. कूटश्लोक आणि उखाण्यांवर वाढलेल्या भाषेला ती सहज जमते. वरच्याच उत्तरांच्या काही सूचना करून पाहाव्यात. 'मे महिन्यात योगाचा आरंभ केला आणि नागपूरचा दवाखाना गाठला (२)': मे, मग योगाचे पहिले अक्षर. 'हवन आटोपून इंग्रजी नियम लावला, टिळकांनी तोच मागितला (४)': होम आणि रूल. 'मालवणच्या गावावर कर बसवला, सत्ता मिळाली डब्लिनला (५)': वराड अधिक कर. आणि शिर्डीसाठी: 'शेवट न करता सोडलेला व्यापार कपाळी लागतो (२)'. व्यापार म्हणजे उदीम. त्याचे शेवटचे अक्षर सोडले की उदी. यातली तिसरी सूचना सर्वांत चांगली, कारण तिचे दोन्ही अर्थ आपापल्या जागी खरे वाटतात. पहिली थोडी ओढूनताणून आहे, हेही कबूल करायला हवे.

फिरकी आणि फसवणूक यांत फरक असतो, आणि तो ठरवायला एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला होता. प्रवेश फी भरायची, कूपन पाठवायचे. या कोड्यांत एकेका सूचनेला दोन-तीन उत्तरे बसत. नमुन्यादाखल: 'अडचणीत उपयोगी पडते', पहिले घर रिकामे, दुसऱ्यात 'त्री'. मैत्री की छत्री? खरे उत्तर आयोजकाच्या बंद पाकिटात. लोक मग दोन्ही उत्तरे भरून दोन कूपने पाठवत, आणि अशा सूचना पाच-सहा असल्या की कूपनांचा गठ्ठा होई. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणणारा कायदा केला. बंगळुरूहून निघणाऱ्या, पण मुंबई राज्यात खपणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातल्या कोड्यांनाही तो लागू झाला, तेव्हा चालक आर. एम. डी. चमारबागवाला न्यायालयात गेले. एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. आणि १९५५ च्या केंद्रीय कायद्याबद्दलच्या जोडखटल्यात हेही स्पष्ट केले की ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती या बंधनात येत नाही. त्या केंद्रीय कायद्याने महिन्याला हजार रुपयांवर बक्षीस देण्यास मनाई केली होती. हजाराच्या आत कोड्याचा धंदा कुणाला परवडणार?

चमारबागवाला यांचे खटले आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावे लागतात, तसे आयर्लंड स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना. महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभ्यासिकेत 'आयर्लंड' म्हटले की उत्तर येते: मार्गदर्शक तत्त्वे. भारतीय राज्यघटनेचा चौथा भाग, कलम ३६ ते ५१, ही कल्पना १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेतलेली. म्हणजे 'आयर्लंडकडून घटनेत आलेले' अशी सूचना मराठी कोड्यात रास्त ठरते आणि उत्तर दोन घरांचे: त, त्त्व. तीन मजली जोडाक्षर पाहून धडकी भरते, पण सत्त्व आणि महत्त्व त्याला छेदायला तयार असतात. अडचण वेगळीच आहे. पुष्कळ जण 'तत्व' लिहितात आणि तेच लोक 'महत्व'ही लिहितात. एकेक 'त' गाळलेले हे दोन्ही शब्द शेवटच्या घरात एकमेकांना इतके अचूक भेटतात की चौकट पूर्ण होते, घरे बरोबर भरतात आणि जाळ्याला चुकीचा पत्ताही लागत नाही.